परत मिळणारे कार्य आणि न मिळणारे कार्य
(संरक्षी व असंरक्षी बलांची ओळख)

बेळगावहून पणजीला उतरण्यास दोन परिचित घाटमार्ग आहेत. एक जांबोटीवरून चोर्ला घाटाने साखळीकडे येतो, दुसरा खानापूर, रामनगर करीत अनमोड घाटाने मोले येथे उतरतो. पहिला जवळचा, दुसरा लांबचा. मालासह दहा टन वजनाचे दोन ट्रक एकाच सकाळी बेळगावहून निघाले, एक चोर्ल्याने आणि दुसरा अनमोडने, आणि दोन्ही पणजीस पोहोचले, असे समजू या. या प्रवासात पृथ्वीच्या आकर्षणाने कोणत्या ट्रकवर अधिक कार्य केले, असा प्रश्न वर्गात विचारला तर बहुतेक विद्यार्थी लांबच्या रस्त्याचे नाव घेतात. रस्ता लांब म्हणून कार्य अधिक, हा विचार सहज सुचणारा आहे, पण तो चुकीचा आहे. दोन्ही ट्रकांवर पृथ्वीने केलेले कार्य सारखेच असते.

त्याचा हिशेब अवघड नाही. बेळगाव समुद्रसपाटीपासून सुमारे ७५० मीटर उंचीवर आहे आणि पणजी समुद्राकाठी आहे. वस्तुमान १०,००० किलोग्रॅम, गुरुत्वत्वरण ९.८ आणि उंचीतील फरक ७५० मीटर यांचा गुणाकार केला की ७ कोटी ३५ लाख ज्यूल येतात. विजेच्या मीटरच्या भाषेत हे साधारण साडेवीस युनिट होतात. या हिशेबात रस्त्याची लांबी कोठेही आली नाही, वळणे आली नाहीत, वाटेतील चढउतारही आले नाहीत. डिझेल मात्र दोन्ही ट्रकांना सारखे लागणार नाही, हे कोणताही चालक सांगेल. एका बलाचा हिशेब वाटेवर अवलंबून नाही आणि दुसऱ्या बलांचा आहे. या भेदावरच पदार्थविज्ञानातील संरक्षी आणि असंरक्षी बलांचे वर्गीकरण उभे आहे. माध्यमिक व उच्च माध्यमिक वर्गांत याची व्याख्या पाठ होते, अर्थ मात्र पुष्कळदा निसटतो.

कार्य कशास म्हणावे

व्यवहारात ‘काम’ हा शब्द सैलपणे वापरला जातो. डोक्यावर पाटी घेऊन तासभर उभा राहिलेला हमाल थकतो, परंतु पदार्थविज्ञानाच्या अर्थाने त्याने पाटीवर काहीही कार्य केलेले नसते. बल आणि त्या बलाच्या दिशेने झालेले विस्थापन यांचा गुणाकार म्हणजे कार्य. पृथ्वीची ओढ सरळ खाली असते. म्हणून ट्रक सपाट रस्त्याने कितीही धावला तरी त्या ओढीचे कार्य शून्यच राहते. ट्रक उतरतो तेव्हा ते धन असते आणि चढतो तेव्हा ऋण. वाटेत एखादी टेकडी चढून पुन्हा तेवढेच उतरावे लागले तर ऋण आणि धन एकमेकांस खाऊन टाकतात. शेवटी उरतो तो फक्त आरंभ आणि अंत यांच्या उंचीतील फरक. वाटा शंभर असल्या तरी उत्तर एकच येते ते यामुळे.

ज्या बलाचे कार्य केवळ आरंभबिंदू आणि अंत्यबिंदू यांवर ठरते, मधल्या वाटेवर ठरत नाही, ते संरक्षी बल होय. हीच गोष्ट दुसऱ्या रीतीनेही सांगतात: वस्तू फिरून मूळ जागी आली असता ज्या बलाचे एकूण कार्य शून्य भरते ते संरक्षी बल. या दोन वेगळ्या व्याख्या नाहीत. एका वाटेने जाऊन दुसऱ्या वाटेने परत आलो आणि एकूण कार्य शून्य झाले, याचा अर्थ जाताना जेवढे मिळाले तेवढेच परतताना गेले. मग दुसरी वाटही पहिलीइतकेच कार्य देणारी ठरते, कारण असे बल केवळ जागेवर अवलंबून असल्याने तीच वाट उलट दिशेने चालली की कार्याचे फक्त चिन्ह बदलते. शिक्षकांनी हे फळ्यावर दोन बिंदू व दोन वक्ररेषा काढून एकदा दाखवावे. दोन व्याख्या वेगवेगळ्या पाठ करण्याचा भार त्यामुळे आपोआप जातो.

विटेचा प्रयोग

आता दुसऱ्या प्रकारच्या बलाकडे वळू. यासाठी लागते एक वीट, एक ताणकाटा, थोडी दोरी आणि एक लांब बाक. एवढे साहित्य कोणत्याही शाळेत जमते.

बाकावर खडूने ‘क’ आणि ‘ख’ या दोन खुणा ६० सेंटिमीटर अंतरावर कराव्यात. विटेस दोरी बांधून ताणकाट्याने ती ‘क’पासून ‘ख’पर्यंत सरळ व संथपणे ओढावी. गती सारखी राहिली की काट्यावरील आकडा हेच घर्षणबलाचे माप. समजा तो १० न्यूटन आला, तर घर्षणाविरुद्ध ६ ज्यूल कार्य झाले. आता तीच वीट वळसा घालून, दीड मीटर लांबीच्या वाकड्या वाटेने ‘ख’ला न्यावी. काटा पुन्हा जवळपास तेवढाच आकडा दाखवील, पण या खेपेस कार्य १५ ज्यूल होईल. आरंभ तोच, अंत तोच, परंतु कार्य अडीच पट झाले. शेवटी वीट सरळ रेषेत ‘क’ला परत आणावी. येताना तरी घर्षण मदत करील अशी कोणाची अपेक्षा असल्यास ती फोल ठरते. घर्षण जाताना आड येते आणि येतानाही आडच येते, कारण त्याची दिशा जागेवरून ठरत नाही, विटेच्या सरकण्यावरून ठरते. सरळ जाण्यायेण्याचे मिळून १२ ज्यूल गेले आणि वीट होती तेथेच आहे. असे बल असंरक्षी होय.

स्थितिज ऊर्जा ही कल्पना फक्त संरक्षी बलांच्या बाबतीतच का वापरता येते, याचे उत्तरही या विटेनेच मिळते. स्थितिज ऊर्जा म्हणजे प्रत्येक जागेवर लिहून ठेवलेला एक आकडा. दोन जागांच्या आकड्यांतील फरक हेच त्या दोन जागांमधील कार्य. डोंगरावरील प्रत्येक बिंदूस असा आकडा देता येतो. बाकावरील बिंदूंना घर्षणाच्या हिशेबाने आकडे देऊ गेलो तर ‘क’ आणि ‘ख’ यांच्यातील फरक ६ लिहावा की १५, हेच ठरत नाही. म्हणून घर्षणाची स्थितिज ऊर्जा असे काही नसते.

सरकारी कचेऱ्यांत अनामत रक्कम आणि शुल्क यांत जो फरक असतो, तसाच काहीसा हा भेद आहे. ओझे वर चढविताना गुरुत्वाकडे भरलेले कार्य अनामत राहते आणि ओझे खाली आले की पुरतेपणी परत मिळते. घर्षणाकडे भरलेले कार्य शुल्कासारखे. ते नाहीसे होत नाही, दुसऱ्या खात्यावर जमा होते. त्या खात्याचे नाव उष्णता.

ताणलेली वा दाबलेली स्प्रिंग पहिल्या वर्गातली. घड्याळाला दिलेली चावी दिवसभर हळूहळू परत मिळत राहते. स्थिर विद्युतभारांमधील बलही त्याच वर्गातले आणि ‘व्होल्ट’ हे माप त्यामुळेच अर्थपूर्ण ठरते. मात्र मायकेल फॅराडे यांनी १८३१ साली दाखविल्याप्रमाणे बदलत्या चुंबकीय क्षेत्रामुळे जे विद्युतक्षेत्र निर्माण होते त्याचे बंद वाटेवरील कार्य शून्य नसते. जनित्र व रोहित्र चालतात ते याच कारणाने. असंरक्षी म्हणजे केवळ खर्च करविणारे, असे समजणाऱ्यांनी हे उदाहरण ध्यानात ठेवावे.

नावामुळे होणारा गैरसमज

‘संरक्षी’ या शब्दामुळे बलाचेच रक्षण होते की काय, असा घोटाळा होतो. रक्षण होते ते यांत्रिक ऊर्जेचे, म्हणजे गतिज आणि स्थितिज ऊर्जेच्या बेरजेचे. फक्त संरक्षी बले कार्य करीत असतील तर ही बेरीज बदलत नाही. घर्षणासारखे बल आले की ती घटते आणि इंजिनाचे किंवा स्नायूंचे बल आले की वाढूही शकते. परंतु उष्णता, रासायनिक ऊर्जा वगैरे सर्व खाती धरून केलेली एकूण बेरीज दोन्ही प्रसंगी कायमच राहते. ‘असंरक्षी बलामुळे ऊर्जेच्या अक्षय्यतेचा नियम मोडतो’ असे वाक्य उत्तरपत्रिकांत आढळते. ते साफ चुकीचे आहे.

खोलात गेले तर घर्षण हे मूळचे वेगळे बल नव्हेच. दोन पृष्ठभागांवरील अणुरेणूंमधील विद्युतबलांचा तो एकत्रित परिणाम आहे. ओढलेल्या विटेची ऊर्जा असंख्य रेणूंच्या अस्ताव्यस्त हालचालीत विखुरली जाते आणि इतक्या रेणूंचा वेगवेगळा हिशेब ठेवणे शक्य नसल्याने ती सारी रक्कम ‘उष्णता’ या एका नावाखाली लिहावी लागते. जेम्स प्रेस्कॉट ज्यूल यांनी १८४०च्या दशकात पडत्या वजनांनी पाण्यातील वल्ही फिरवून या रकमेचे मोजमाप केले. १८४७ साली आल्प्स पर्वतात, लग्नानंतरच्या प्रवासात, धबधब्याच्या वरच्या आणि खालच्या पाण्याचे तापमान मोजण्यासाठी ते तापमापक घेऊन फिरत होते, अशी कथा सांगितली जाते. तीच गणना दूधसागर धबधब्यास लावली तर काय दिसते? सुमारे ३१० मीटर उंचीवरून पडलेल्या पाण्याची सर्व ऊर्जा पाण्यातच उष्णतारूपाने राहिली तर त्याचे तापमान जेमतेम ०.७ अंश सेल्सियसने वाढेल. वाऱ्याने उडणारे तुषार आणि बाष्पीभवन यांमुळे प्रत्यक्षात तेवढेही हाती लागणे कठीण. पाणी तापविणे हे किती खर्चाचे काम आहे, हे मात्र यावरून कळते.

घाटात काय घडते

दूधसागराच्या शेजारून जाणारा कॅसलरॉक ते कुळे हा लोहमार्ग ब्रागांझा घाट उतरतो. येथील तीव्र चढ ३७स १ असा आहे, म्हणजे ३७ मीटर पुढे गेल्यावर एक मीटर उंची बदलते. एक हजार टन वजनाची गाडी या उतारावर एक किलोमीटर उतरली की ती सुमारे २७ मीटर खाली येते आणि गुरुत्वबल तिला २६ कोटी ज्यूलांहून अधिक ऊर्जा देते, म्हणजे दर किलोमीटरला सुमारे ७३ युनिट. गाडीचा वेग वाढू द्यायचा नसेल तर ही सगळी ऊर्जा दुसरीकडे वळविणे भाग असते. ब्रेकचे ठोकळे चाकांवर घासून ती उष्णतेत जाते. विद्युत इंजिनांत पुनरुत्पादक ब्रेकची सोय असेल तर मोटारी जनित्राचे काम करून तिचा काही भाग तारेत परत पाठवितात.

ट्रक आणि बसगाड्यांची गोष्ट अधिक गंभीर आहे, कारण त्यात दररोजचे प्राण गुंतलेले आहेत. दहा टनांचा ट्रक घाटात ५०० मीटर खाली उतरला असे धरू. ४ कोटी ९० लाख ज्यूल ऊर्जा कोठेतरी गेलीच पाहिजे. एवढ्या उष्णतेत साध्या तापमानाचे सुमारे १६० लिटर पाणी उकळीस येईल. हीच उष्णता चाकांच्या २०० किलोग्रॅम वजनाच्या ओतीव लोखंडी ड्रमांत साठून राहिली तर त्यांचे तापमान पाचशे अंशांहून अधिक वाढेल. वाऱ्याने ड्रम निवतात, हवेचा आणि टायरांचा रोधही काही वाटा उचलतो, म्हणून प्रत्यक्ष आकडा यापेक्षा पुष्कळ खाली राहतो. पण ब्रेकचे अस्तर फार तापले की त्याची घर्षणशक्तीच घटते. चालकाने पाय कितीही दाबला तरी गाडी थांबत नाही. घाटातील ‘ब्रेक निकामी झाले’ या वार्तेमागे अनेकदा एवढेच पदार्थविज्ञान असते.

डिझेल वाचविण्यासाठी उतारावर गाडी न्यूट्रलमध्ये टाकण्याची सवय म्हणूनच घातक आहे. खालच्या गिअरमध्ये गाडी असली की चाकांना इंजिन फिरवावे लागते आणि इंजिनातील घर्षण व हवा दाबण्या-ओढण्याचा रोध ऊर्जेचा मोठा भाग सतत शोषीत राहतो. ही उष्णता बाहेर टाकण्यासाठी इंजिनाजवळ रेडिएटर आणि धुराडे असते. ब्रेकजवळ असे काही नाही. न्यूट्रल केल्याबरोबर इंजिनाचा हा वाटा बंद होतो आणि सर्व भार ब्रेकवर येतो. इंजिनच बंद केले तर हवेच्या ब्रेकला हवा पुरविणारा कॉम्प्रेसरही थांबतो. ज्या गिअरात घाट चढावा त्याच गिअरात तो उतरावा, असा जुन्या चालकांचा दंडक आहे. त्यांनी कार्याची व्याख्या वाचली नसेल, पण हिशेब बरोबर केला आहे.

घाटातील रेल्वेमार्गांवर निसटत्या गाडीसाठी ‘कॅच सायडिंग’ ठेवतात. मुख्य मार्गापासून फुटून चढावर जाणारा हा आंधळा फाटा असतो. गाडी ताब्यात राहिली नाही तर ती या फाट्यावर जाते आणि ज्या गुरुत्वबलाने तिला वेग दिला तेच बल चढावर तो वेग काढून घेते. ताशी ६० किलोमीटर वेगाची गाडी, घर्षण अजिबात धरले नाही तरी, सुमारे १४ मीटर उंची चढेपर्यंत थांबते, मग ती रिकामी असो वा भरलेली, कारण या गणितातून वस्तुमान वगळले जाते. मात्र थांबल्यावर पुढे काय? संरक्षी बल अनामत परत करतेच. म्हणजे गाडी तितक्याच वेगाने मागे घरंगळणार! तिला तेथेच धरून ठेवण्यास पुन्हा घर्षणच हवे, म्हणून ब्रेक आणि वाळू यांचा आधार घ्यावा लागतो. घर्षणाला ऊर्जेचा चोर म्हणून हिणविणाऱ्या पाठांत हे उदाहरण अवश्य घालावे.

अनामतीचा मोठा व्यवहार

गुरुत्वबलाच्या या प्रामाणिकपणावर उदंचन जलविद्युत प्रकल्प चालतात. रात्री विजेची मागणी कमी असताना खालच्या जलाशयातील पाणी पंपाने वर चढवायचे आणि मागणीच्या वेळी तेच पाणी खाली सोडून वीज निर्माण करायची, अशी ही रीत. दिवसा सौरवीज भरपूर असते, म्हणून आता दुपारीही पाणी चढविणे सोयीचे ठरू लागले आहे. सह्याद्रीतील घाटघर येथे २५० मेगावॅट क्षमतेचा असा प्रकल्प आहे. गुजरातेत सरदार सरोवराच्या नदीपात्रातील वीजगृहात प्रत्येकी २०० मेगावॅटचे सहा उलटसुलट चालू शकणारे संच बसविलेले आहेत.

एक हजार लिटर पाणी ४०० मीटर वर चढविले तर गुरुत्वाकडे सुमारे १.०९ युनिट जमा होते. वर्षभर ठेवले तरी, पाणी आटले वा झिरपले नाही तर, ते तेवढेच राहते. परंतु पंप आणि नळांतील घर्षणामुळे चढविताना सव्वा युनिटाच्या आसपास वीज लागते आणि उतरताना जनित्रातून एक युनिटाच्या आसपास मिळते. शंभर युनिट खर्चून सत्तर ते ऐंशी परत मिळतात. मग हा तोट्याचा धंदा का करावा? कारण निकडीच्या वेळचे एक युनिट हे नको असलेल्या वेळच्या सव्वा युनिटापेक्षा मोलाचे असते. तूट गुरुत्वाची नाही, वाटेतल्या असंरक्षी बलांची आहे. म्हणून अभियंत्यांचे सारे लक्ष नळांच्या गुळगुळीतपणाकडे आणि पंपांच्या पात्यांकडे लागलेले असते.

आकाशातही हाच हिशेब आहे. चंद्र इंधनावाचून फिरत राहतो. मानवनिर्मित उपग्रह खालच्या कक्षेत असला की विरळ हवेचा रोध त्याच्याकडून थोडे थोडे शुल्क घेत राहतो. १४ मे १९७३ रोजी सोडलेली ‘स्कायलॅब’ ही अमेरिकन अंतराळ प्रयोगशाळा ११ जुलै १९७९ रोजी कोसळली, तिचे तुकडे हिंदी महासागरात आणि पश्चिम ऑस्ट्रेलियात पडले आणि त्यापूर्वी आपल्याकडे खेडोपाडी तिची धास्ती पसरली होती, हे वडीलधाऱ्यांना आठवत असेल. सूर्यावरील हालचाली वाढल्याने वरचे वातावरण तापून फुगले आणि रोध अपेक्षेहून वाढला, हे तिच्या लवकर पडण्याचे कारण. चमत्कारिक वाटेल, पण रोधामुळे कक्षा खाली येत जाताना असा उपग्रह मंद होण्याऐवजी जलद होतो. घटलेल्या स्थितिज ऊर्जेपैकी सुमारे निम्मी गतीत जाते आणि उरलेली रोध उष्णतेत घालवितो.

वर्गात हे सर्व दाखविण्यासाठी छताच्या आकड्यास दोरीने बांधलेली वाळूची पिशवी पुरते. विद्यार्थ्याने भिंतीस डोके टेकून उभे राहावे, पिशवी हनुवटीस लावावी आणि न ढकलता नुसती सोडून द्यावी. परत येणारी पिशवी हनुवटीच्या किंचित अलीकडेच थांबते, तिला स्पर्श करीत नाही. मात्र विद्यार्थ्याने डोके पुढे काढता कामा नये आणि दोरी व गाठ शिक्षकांनी आधी स्वतः तपासावी. नंतर किती झोक्यांत पिशवीची झेप निम्मी होते ते मोजावे. मग तिच्या पुढे वहीएवढा पुठ्ठा आडवा बांधून पुन्हा मोजावे आणि दोन्ही आकडे फळ्यावर शेजारी शेजारी लिहावेत.